सातबारा शेतकऱ्याचा, पट्टा तारेचा

शेतातून अतिउच्चदाबाची वीजवाहिनी गेली तरी सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही. जमीन सरकारजमा होत नाही, खरेदीखत होत नाही, भूसंपादनाची अधिसूचनाही निघत नाही. तरीही त्या दिवसापासून तारेखालच्या पट्ट्यात घर बांधता येत नाही. आंबा, चिंच, नारळ अशी उंच जाणारी झाडे लावता येत नाहीत आणि असलेली तोडावी लागतात. बोअर मारायला यंत्र उभे करायचे तर आधी वर बघावे लागते. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारांत वरच्या प्रवाहामुळे वीज उतरण्याची भीती असते, म्हणून त्या जमिनीशी जोडून घ्याव्या लागतात. जमीन विकायला काढली तर गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा मनोऱ्यावर जाते. कागदावर जमीन गेलेली नाही, पण तिच्या वापरातला मोठा वाटा हातातून सुटला आहे. वीजवाहिन्यांवरून देशभर चाललेले दावे, अडवाअडवी आणि पोलीस बंदोबस्तात होणारी कामे या विसंगतीतूनच निघतात. या वादात शेतकरी साधारण तीन गोष्टी मागतो. मार्ग ठरवण्याआधी मला विचारा, माझी हरकत ऐकून घ्या, आणि वापर कायमचा असेल तर मोबदलाही त्या हिशोबाने द्या. या तिन्ही मागण्या आपल्या कायद्याला परक्या नाहीत. लहान तारांसाठी, तेल-वायूच्या नळांसाठी, फोनच्या केबलसाठी संसदेने आणि केंद्र सरकारने त्या वेगवेगळ्या वेळी मान्य केल्या आहेत. सर्वांत मोठ्या तारांना मात्र त्यातून वगळले आहे, आणि या वगळण्याला आज कोणतेही सबळ कारण उरलेले नाही.

कायदा कसा चालतो ते आधी पाहू. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ नुसार सरकार एखाद्या पारेषण कंपनीला तार खात्याचे अधिकार बहाल करू शकते. हे अधिकार १८८५ च्या भारतीय टेलिग्राफ कायद्यातले आहेत. त्याचे कलम १० सांगते की, तार खाते कोणत्याही स्थावर मालमत्तेवरून, खालून किंवा आतून तार नेऊ शकते आणि खांब उभारू शकते. जमिनीवर त्याला फक्त वापराचा हक्क मिळतो, मालकीचा नाही. नुकसान शक्य तितके कमी करायचे आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची, एवढे बंधन त्यावर आहे. शेतकऱ्याने काम अडवले तर कलम १६ खाली जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, कंपनीला काम करू देण्याचा आदेश काढू शकतात. त्या आदेशानंतरही अडवणूक केली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करायचा, आणि त्यांचा निर्णय अंतिम. त्यावर अपिलाची सोय या कायद्यात नाही. कलम १७ तर आज वाचताना थबकायला होते. जमीनमालकाला आपल्या जमिनीचा वेगळा उपयोग करायचा असेल तर तो तार हलवायला सांगू शकतो. आधी भरपाई घेतली असेल तर हलवण्याचा खर्च किंवा घेतलेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती त्याने भरायची. लाकडी खांबावरच्या बारीक तारेसाठी हे अगदी न्याय्य होते. खांब उपटून बांधावर रोवता येत होता. टनावारी पोलादाचा, काँक्रीटच्या पायात रुतलेला मनोरा असा कोण हलवणार?

देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, संसदेने नवा दूरसंचार कायदा करून १८८५ चा कायदा रद्द केला. पण रद्द करणाऱ्या त्याच कलमात एक अपवाद ठेवला: जुन्या कायद्याचा तिसरा भाग, म्हणजे वर सांगितलेली सगळी कलमे ज्यात आहेत तो, वीज कायद्याच्या कलम १६४ खालच्या पारेषण वाहिन्यांपुरता चालूच राहील. तारायंत्रासाठी केलेला कायदा आता तारायंत्राला लागू नाही, फक्त वीजवाहिन्यांना लागू आहे. पूर्वी निदान जुना कायदा तसाच चालत आला म्हणून चालला असे म्हणता येत होते. आता ती सबब राहिलेली नाही. २०२३ मध्ये संसदेने हा प्रश्न समोर घेतला आणि जुनेच ठेवायचे असे जाणीवपूर्वक ठरवले.

या तारा किती मोठ्या आहेत याचा अंदाज शहरातल्या वाचकाला सहसा नसतो. प्रचलित निकषांनुसार १३२ केव्ही वाहिनीला २७ मीटर रुंदीचा मोकळा पट्टा लागतो, २२० केव्हीला ३५ मीटर, ४०० केव्हीला ४६ मीटर आणि ७६५ केव्हीला ६७ मीटर. दोनशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद असे शेत घेऊ. ते साधारण पाच एकर भरते. त्यातून ४०० केव्हीची वाहिनी लांबीच्या दिशेने गेली तर पट्टा ९,२०० चौरस मीटरचा होतो, म्हणजे सव्वादोन एकरांहून थोडा जास्त. शेताचा सेहेचाळीस टक्के भाग तारेखाली येतो. मनोऱ्याच्या चार पायांत मात्र जेमतेम दोन गुंठे जागा अडकते. भरपाईचे सगळे भांडण या दोन आकड्यांत आहे. कंपनीच्या दृष्टीने नुकसान म्हणजे दोन गुंठे आणि बांधकामाच्या वेळी तुडवलेले पीक. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते नव्वद गुंठे आहे, आणि एका हंगामापुरते नाही. तारेखाली सोयाबीन, कापूस, हरभरा घेता येतो हे खरे. पण जिरायत शेतकऱ्याचे भविष्य बहुधा पीक बदलण्यातच असते. विहिरीला पाणी लागले की फळबाग, रस्ता झाला की बिगरशेती. तार आजच्या पिकाला फारशी अडवत नाही, ती हे पुढचे बदल अडवते. नुकसानीच्या पंचनाम्यात त्यासाठी रकाना नसतो.

न्यायालयांनी यात काय केले? त्यांनी कायदा आहे तसा वाचला. पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात छत्तीसगडमधल्या चुनखडीच्या खाणपट्ट्यावरून वाहिनी नेण्याचा वाद होता. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कलम १६४ खाली अधिकार मिळालेल्या कंपनीला जमीनमालकाची पूर्वसंमती घ्यावी लागत नाही. एका मोठ्या सिमेंट उत्पादक कंपनीला जे मिळाले नाही, ते पाच एकरवाल्याला मिळण्याची शक्यता कमीच. भरपाईच्या बाबतीत मात्र न्यायालयाने दार उघडे ठेवले. केरळ राज्य वीज मंडळ विरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकच सूत्र सगळ्यांना लावण्यास नकार दिला. जमीन कुठे आहे, तारांमधले अंतर किती, वाहिनी कडेने जाते की मधोमध, जमिनीचे मूल्य किती घटते, हे सगळे पाहूनच रक्कम ठरवावी, असे सांगितले. तत्त्व म्हणून हे उत्तम आहे. पण ते शेतकऱ्याला तार ओढून झाल्यावर, तेही न्यायालयाची पायरी चढल्यावर मिळते. मूल्यांकनाचा तज्ज्ञ त्याने आणायचा, पुरावा त्याने द्यायचा, तारखा त्याने सांभाळायच्या. कंपनीला तोवर वीजवहनाचे उत्पन्न सुरू झालेले असते.

आता बाकीचे कायदे शेजारी ठेवून पाहा. ज्या वीज परवानाधारकाकडे कलम १६४ चे अधिकार नाहीत, त्याला २००६ चे केंद्रीय कार्यनियम लागू होतात. त्यांनुसार शेतातून साधी तार न्यायची तरी मालकाची किंवा कसणाऱ्याची पूर्वसंमती लागते. त्याने हरकत घेतली तर जिल्हादंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते. ती देताना जिल्हादंडाधिकाऱ्यांनी संबंधितांचे म्हणणे विचारात घेऊन भरपाई किंवा वार्षिक भाडे किंवा दोन्ही ठरवायचे असते. वार्षिक भाडे ही गोष्ट आपल्याच नियमांत छापलेली आहे. त्याच नियमात पुढे म्हटले आहे की, कलम १६४ खालच्या अधिकारांना यातले काही लागू नाही. १९६२ चा पेट्रोलियम व खनिज नळमार्ग कायदाही जमीन संपादित करत नाही, फक्त वापराचा हक्क घेतो. पण तो आधी अधिसूचना काढतो, हरकतीसाठी एकवीस दिवस देतो आणि सक्षम अधिकाऱ्यापुढे सुनावणी देतो. नळ जमिनीखाली गाडला जातो आणि वर शेती चालू राहते, तरी ही काळजी घेतली आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात खासगी जागेतून फोनची केबल न्यायची तर आधी मालकाकडे अर्ज करायचा आणि परस्परांत ठरलेल्या मोबदल्यावर करार करायचा, अशी पहिली पायरी आहे. सार्वजनिक हितासाठी सक्ती करायचीच झाली तर ती नंतर. बोटभर जाडीच्या केबलसाठी करार आणि सदुसष्ट मीटर रुंद पट्ट्यासाठी थेट आदेश, हा फरक कोणत्या तत्त्वावर उभा आहे? ज्या ब्रिटिशांनी १८८५ चा कायदा इथे केला, त्यांच्याकडेही १९८९ च्या वीज कायद्यानुसार सक्तीने वाहिनी नेण्याआधी जमीनमालकाला आणि कसणाऱ्याला म्हणणे मांडू द्यावे लागते, आणि तिथल्या शेतकऱ्यांना वर्षाकाठी मोबदला घेण्याची प्रथा रुळलेली आहे.

आपल्याकडे काहीच कळवले जात नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मोठ्या वाहिन्यांसाठी हे अधिकार मिळवताना कंपन्या वृत्तपत्रांत जाहीर सूचना देतात आणि हरकतींसाठी मुदतही असते. पण त्या सूचनेत गावांची नावे असतात. तार आपल्या गटातून जाणार की शेजाऱ्याच्या, हे त्यातून समजत नाही. गावाचे नाव वाचून कुणी हरकत घेईल अशी अपेक्षा धरणे आणि सुनावणी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिका विरुद्ध बिमल कुमार शाह या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ मधल्या मालमत्तेच्या हक्काचे सात घटक सांगितले. त्यांत पहिली नोटीस आणि दुसरी सुनावणी. तो निकाल संपादनाबद्दल आहे आणि वीजवाहिनी म्हणजे संपादन नव्हे, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण शेताचा सेहेचाळीस टक्के भाग कायमचा बांधला जात असेल, तर केवळ सातबाऱ्यावरचे नाव तसेच राहिले म्हणून हे दोन्ही हक्क गळून पडावेत, हे पटण्यासारखे नाही.

मोबदल्याच्या आघाडीवर मात्र गेल्या दहा वर्षांत खरी प्रगती झाली आहे, आणि तिची नोंद घेतली पाहिजे. ऑक्टोबर २०१५ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ६६ केव्ही आणि त्याहून मोठ्या वाहिन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली: मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाले. मार्च २०२५ मध्ये बाजारभाव ठरवण्याची पद्धत सुधारली आणि पट्ट्याचे प्रमाण ग्रामीण भागात ३०, नगरपालिका क्षेत्रात ४५, महानगरांत ६० टक्के ठेवले. महाराष्ट्रानेही २०१० आणि २०१७ मध्ये स्वतःचे शासन निर्णय काढले होते. समजण्यापुरता एकरी दहा लाख भाव धरला, तर वरच्या पाच एकरांच्या शेतात मनोऱ्यासह वाहिनी गेल्यास २०१५ च्या दराने जास्तीत जास्त पावणेचार लाखांच्या आसपास मिळाले असते. २०२४ च्या दराने पावणेआठ लाख मिळतील. पिकाची आणि झाडांची भरपाई वेगळी. फरक दुपटीचा आहे. तरीही ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, कायदा नव्हे. राज्याने ती स्वीकारायची असतात, आणि उद्या मंत्रालयाने दुसरे पत्रक काढले की ती बदलतात. एकाच जिल्ह्यातून गेलेल्या दोन वाहिन्यांखालच्या शेतकऱ्यांना केवळ तारखेच्या फरकाने निम्मा-दुप्पट मोबदला मिळतो, तेव्हा पहिल्या शेतकऱ्याला फसवणूक झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे.

आणि वापर चालू असेपर्यंत मोबदला चालू राहावा हे तत्त्व यातही नाही. महाराष्ट्र सरकार मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौरपट्ट्यांसाठी घेतलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे देते आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. तिथे पूर्ण जमीन अडकते, म्हणून तोच दर तारेखाली लावता येणार नाही. केंद्राचेच ३० टक्क्यांचे प्रमाण लावले तर आपल्या उदाहरणातल्या पट्ट्याला वर्षाला साधारण साडेचौतीस हजार रुपये पडतील. ही रक्कम एकरकमी मोबदल्याच्या व्याजापेक्षा फार मोठी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण एकरकमी पैसे एका पिढीच्या हातात येतात आणि लग्न, आजारपण, कर्जफेडीत संपतात. तार पुढच्या पिढीच्या शेतावरही उभीच असते. भाडे जमिनीबरोबर वारसाकडे जाते, महागाईबरोबर वाढते, आणि जमीन विकली तर घेणाऱ्यालाही मनोरा केवळ अडचण वाटत नाही. कायदा जर म्हणतो की आम्ही फक्त वापर घेतो, तर वापराची किंमत वापराच्या काळापुरती देत राहणे हाच त्या शब्दाशी प्रामाणिक राहण्याचा मार्ग आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप देशाच्या गरजेचा आहे. २०३० पर्यंत बिगरजीवाश्म स्रोतांतून ५०० गिगावॉट क्षमता उभारायची, तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या डिसेंबर २०२२ च्या अहवालानुसार सुमारे ५१ हजार सर्किट किलोमीटर नव्या वाहिन्या आणि २.४४ लाख कोटी रुपये लागतील. राजस्थानातले ऊन आणि गुजरातेतला वारा मुंबई-पुण्यात आणायचा तर तार कुणाच्या तरी शेतातूनच जाणार. एकेकाला विचारत बसलो तर काम होईल का, ही शंका खोटी नाही. पण सुनावणी म्हणजे नकाराधिकार नव्हे. नळमार्ग कायद्यात साठ वर्षांहून अधिक काळ सुनावणी आहे आणि देशभर हजारो किलोमीटरचे नळ टाकून झाले आहेत. उलट, न विचारता काम रेटल्याने वेळ वाचतो हा समज अनुभवाला धरून नाही. केरळमधली एडमण–कोची ही ४०० केव्हीची १४८ किलोमीटरची वाहिनी कूडनकुळम अणुप्रकल्पाची वीज आणण्यासाठी होती. रबराच्या बागा आणि दाट वस्ती असलेल्या त्या पट्ट्यात ती विरोधामुळे वर्षानुवर्षे अडली. राज्य सरकारने वाढीव मोबदल्याची योजना आणली, तेव्हा मार्ग मोकळा झाला आणि २०१९ मध्ये ती पूर्ण झाली. अडलेल्या वर्षांतला वाढीव खर्च शेवटी ग्राहकांवरच पडतो.

दुसरा आक्षेप असा की, वाढीव मोबदला शेवटी वीजबिलातच येतो. येतो. दहा लाख एकरी भावाने ४०० केव्हीच्या एका किलोमीटरला पट्ट्याचा मोबदला ३० टक्क्यांनी सुमारे ३४ लाख होतो, आणि एवढी वाहिनी बांधायचा खर्च कोटीच्या पुढेच असतो. ही भर क्षुल्लक नाही. पण ती कोट्यवधी ग्राहकांत विभागली जाते. आज हाच भार वाहिनीखाली आलेल्या मूठभर शेतकऱ्यांवर आहे, आणि त्यांतल्या अनेकांना रात्रीच्या पाळीनेच वीज मिळते. सगळ्यांच्या सोयीची किंमत सगळ्यांनी मिळून देणे यात वावगे काही नाही.

तारा जमिनीखालून न्याव्यात ही मागणी आंदोलनांत नेहमी होते. रायगढ–पुगलूर या छत्तीसगडहून महाराष्ट्रमार्गे तमिळनाडूत जाणाऱ्या ८०० केव्ही एकदिश वाहिनीला कोंगू भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हाही ही मागणी झाली. तिचाच पुढचा त्रिशूरपर्यंतचा टप्पा केरळात काही अंतर जमिनीखालच्या केबलने नेला आहे, म्हणजे ते अशक्य नाही. पण सर्वत्र ते होणार नाही. माळढोकाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेत मोठ्या क्षेत्रावर भूमिगत तारांचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये व्यवहार्यतेच्या कारणाने तो सैल करून तज्ज्ञ समितीकडे सोपवला. शेतकरी संघटनांनी ही मागणी सर्रास न करता वस्ती आणि बागायतीच्या निवडक टप्प्यांपुरती धरली, तर ती टिकेल.

मार्ग बदलताच येत नाही, हे मात्र खरे नाही. गोव्यातल्या तमनार प्रकल्पाची ४०० केव्ही वाहिनी मोलेच्या अभयारण्यातून नवा पट्टा तोडून जाणार होती. लोकांनी आंदोलन केले, केंद्रीय उच्चाधिकार समितीने तपासणी केली, आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून असलेल्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातूनच ती नेण्याची समितीची शिफारस स्वीकारली. जंगलासाठी कायद्याने ऐकणारी यंत्रणा आहे, म्हणून हे घडले. पन्नास मीटर सरकवून एखाद्याची विहीर आणि गोठा वाचत असेल, तर ते ऐकणारी यंत्रणा शेतासाठी का नसावी? वळणाच्या मनोऱ्याला पोलाद जास्त लागते हे मान्य. ती वाढ किती आणि वाचणारे नुकसान किती, हे कुणीतरी तटस्थपणे तोलावे, एवढीच अपेक्षा आहे. म्हणून संसदेने कलम १६४ मध्ये दुरुस्ती करावी: गटवार नकाशासह प्रत्येक खातेदाराला नोटीस, एकवीस दिवसांत हरकत आणि कारणांसह निर्णय, एकरकमी मोबदला किंवा वार्षिक भाडे यांतली निवड, आणि जिल्हा न्यायाधीशांच्या निर्णयावर एक अपील. महाराष्ट्रातल्या खासदारांनी हा प्रश्न लावून धरावा. वाहिन्यांचे नवे जाळे या राज्यातूनही जाणार आहे.

तोवर ज्यांच्या शेतात मोजणीची माणसे येतील त्यांनी कलम १६४ खालच्या आदेशाची प्रत आणि गटवार नकाशा लेखी मागावा. झाडे, विहीर, ठिबक, मांडव यांचा पंचनामा काम सुरू होण्याआधी फोटोंसह करून घ्यावा. धनादेश घ्यावा लागला तर रक्कम अमान्य असल्याचे लिहून घ्यावा. आणि जिल्हा न्यायाधीशांकडे जाण्यात उशीर करू नये. टेलिग्राफ कायद्याखालच्या अशा अर्जालाही मुदतीचा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच केरळ राज्य वीज मंडळ विरुद्ध कुन्हालिउम्मा या खटल्यात ठरवले आहे. ती मुदत तीन वर्षांची आहे.